तिसरा कॉम्प्रेसर

आमच्याकडे वीज गेली तर लोक चहाला जातात. हवा गेली तर माझ्याकडे येतात.

मी कोल्हापूरच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीत एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मेंटेनन्स बघतो. एका शेडमध्ये भट्ट्या, मोल्डिंग आणि कोअर शॉप, मागे फेटलिंग, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करायची जागा, आणि रस्त्याच्या बाजूला मशिन शॉप. कॉम्प्रेसरनं दाबलेली हवा सगळीकडे लागते. वाळूचे गाभे बनवणारा कोअर शूटर हवेवर चालतो, वाळूच्या हॉपरची दारं हवेवर उघडतात, फेटलिंगचे ग्राइंडर हवेचे. मशिन शॉपमध्ये तर व्हीएमसीचं (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशिनचं) टूल हवेच्या जोरावर सुटतं. दाब ठरलेल्या पातळीच्या खाली आला की मशिन लाल दिवा लावून जागच्या जागी थांबतं. टूल अर्धं कापात असलं तर तो जॉब गेला, आणि बऱ्याचदा टूलही.

बाहेरच्यांना ही हवा फुकटची वाटते. १०० सीएफएम, म्हणजे मिनिटाला १०० घनफूट, हवा सात बारला (बार हे दाबाचं माप) दाबायला १८ ते २० किलोवॅट लागतात. पण हा हिशोब मलाही तेव्हा नुसता पाठ होता, कधी घातलेला नव्हता.

२०१९ पर्यंत आमच्या कॉम्प्रेसर रूममध्ये ७५ किलोवॅटचे दोन स्क्रू कॉम्प्रेसर होते, प्रत्येकी ४५० सीएफएमचे. पुढे ३,००० लिटरची एक टाकी, हवेतलं पाणी काढणारा एक ड्रायर, आणि तिथून कारखानाभर गेलेलं एकच हेडर, म्हणजे मुख्य पाइप. कोपऱ्यात ३० एचपीचा जुना पिस्टन कॉम्प्रेसर होता, त्याला सगळे ‘म्हातारी’ म्हणत. ऑडिटला कुणी आलं आणि ‘बॅकअप काय?’ असं विचारलं की आम्ही म्हातारीकडे बोट दाखवायचो. ऑडिटवाला लिहून घ्यायचा, आम्हीही खूश. दोन्ही ७५ तिन्ही पाळ्यांत सुरूच असायचे, म्हणजे दोन्ही लागतात, हे इतकं ठरलेलं होतं की ते तपासावं असं कुणाला वाटलंच नाही. मला तर नाहीच.

कॉम्प्रेसर रूम मामांच्या ताब्यात. मामा आमच्याकडे पंचवीस वर्षं आहेत. गेजकडे न बघता, आवाजावरून कुठलं मशिन लोडवर आहे, म्हणजे खरोखर हवा दाबतंय, ते सांगतात.

त्या ऑगस्टचा पाऊस कोल्हापुरात कुणी विसरणार नाही. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३, हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पूर शहरात शिरायच्या आधीच आमच्याकडे पावसाचा मारा कॉम्प्रेसर रूमच्या लूव्हरमधून, म्हणजे भिंतीतल्या हवा यायच्या पट्ट्यांमधून, आत येत होता. पाणी पॅनलपर्यंत येईल म्हणून लूव्हरवर ताडपत्री बांधायला सांगितलं. कुणी सांगितलं? मीच.

एअर-कूल्ड मशिनला बाहेरची गार हवा आत आणि तापलेली हवा बाहेर जावी लागते. ताडपत्रीनं आतली वाट बंद झाली. मशिननं स्वतःचीच गरम हवा पुन्हा पुन्हा ओढली. एक नंबर ११० अंशांवर ट्रिप झाला. रात्रपाळीच्या पोरानं रीसेट मारला. परत ट्रिप, परत रीसेट. पॅनलच्या नोंदीत मी नंतर मोजले: आठ वेळा. नवव्यांदा मशिन सुरू झालं ते खरखरतच. तासाभरात दोन नंबरही तापून बसला. मामा पहाटे आले, आत डोकावले आणि एक शब्द न बोलता विळ्यानं ताडपत्रीचे दोर कापले. दोन नंबर निवळला आणि चालू झाला. एक नंबरच्या एअर-एंडचं, म्हणजे हवा दाबणाऱ्या मुख्य भागाचं, बेअरिंग गेलं होतं.

सर्व्हिसवाल्यानं एअर-एंड पुण्याहून येईल असं सांगितलं. आणि पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला. भाड्याचा कॉम्प्रेसर, स्पेअर, सर्व्हिस इंजिनिअर, आमचं जे जे म्हणून आपत्कालीन होतं ते सगळं नदीच्या पलीकडे राहिलं.

म्हातारीची आठवण झाली. ती चौदा महिने फिरवलेली नव्हती. पट्टे वाळून तडकलेले, तेल दुधासारखं पांढरं झालेलं, एनआरव्ही (हवा उलटी येऊ न देणारा व्हॉल्व्ह) गंजून चिकटलेला. मामांनी दिवसभर खपून ती चालू केली. तिनं चाळीस मिनिटं हवा दिली आणि डोकं टेकलं.

मग मामांच्या ओळखीनं आमच्याच बाजूच्या एका दगडखाणीवरचा डिझेल कॉम्प्रेसर ट्रॅक्टरला जोडून आणला. आता जोडायचा कुठे? हेडरला आमच्याकडे एकच मोकळं तोंड होतं, तेही ड्रायरच्या पुढे, एक इंची. तिथेच क्लॉ कपलिंग वेल्ड करून होज लावली. हवा आली, पण गरम, तेलकट आणि ओली. पंपांवर डिझेल मदतकार्यासाठी राखून ठेवलेलं, त्यामुळे ते मिळवायलाच एक माणूस दिवसभर फिरे. माल न्यायला रस्ता नव्हता, पण रस्ता उघडेल त्या दिवशी पहिली गाडी आपली निघाली पाहिजे असं मालकांचं म्हणणं होतं. पहिली गाडी निघाली. पुढचे पंधरा दिवस मशिन शॉपचे, हवेनं जॉबचं माप घेणारे एअर गेज वेडीवाकडी मापं दाखवत होते आणि आम्ही व्हॉल्व्ह उघडून साफ करत बसलो होतो. त्या एका आठवड्याची किंमत मी आजवर मालकांना पूर्ण सांगितलेली नाही.

पूर ओसरल्यावर मीटिंग झाली. मालकांचा हुकूम सरळ होता: “आणखी एक ७५ चा घ्या आणि हा विषय संपवा.” चौदा लाखांच्या आसपास खर्च होता आणि ते मंजूर करायला तयार होते. कुठल्याही मेंटेनन्सवाल्यानं ही संधी दोन्ही हातांनी धरली असती. मी आठ दिवस मागितले. त्यात शहाणपणापेक्षा अपराधीपणा जास्त होता. ताडपत्रीचं मला माहीत होतं. तिसरा ७५ त्याच खोलीत ठेवला असता तर त्या रात्री तोही तापून बसला असता.

पहिल्या दिवशी पॅनलवरचे तास लिहून काढले. प्रत्येक स्क्रू कॉम्प्रेसर दोन आकडे दाखवतो: एकूण किती तास चालला आणि त्यातले किती तास लोडवर होता. एक नंबर ९१ टक्के लोडवर, दोन नंबर ५८ टक्के. म्हणजे सरासरी गरज ६७० सीएफएमच्या आसपास. ९०० ची क्षमता, आणि आम्ही धरून चाललो होतो की दोन्ही पूर्ण लागतात. हे आकडे चार वर्षं त्या डबीत होते. रोज सकाळी मी तिथे फक्त दाब आणि तापमान बघायचो.

सरासरीवर बॅकअप ठरवता येत नाही, म्हणून हेडरवर भाड्यानं फ्लोमीटर बसवून आठवडाभर नोंद घेतली. सरासरी ६६५ आली, म्हणजे तासांचा हिशोब बरोबर होता. सगळ्यात वरचं टोक ८१० चं. ते टोक रोज तीनदा यायचं: सकाळी पावणेसातला, दुपारी पावणेतीनला, रात्री पावणेअकराला. दोन दिवस मी मोल्डिंग लाइनवर कारण शोधत बसलो. तिसऱ्या दिवशी पावणेतीनला सहज मशिन शॉपमध्ये उभा होतो आणि समोरच उलगडा झाला. पाळी सुटायच्या आधी प्रत्येक ऑपरेटर ब्लो गन घेऊन मशिन झाडतो. पंचवीस-तीस जण एकदम, पूर्ण सात बारच्या हवेनं. मशिन झाडून झालं की बूट, बूट झाले की कपडे, आणि मग मागून शेजाऱ्याच्या मानेवर एक फवारा. कपड्यांवर हवा मारू नका असा बोर्ड तिथेच लावलेला आहे, तोही याच हवेनं स्वच्छ केला जातो. म्हणजे आमचा पीक लोड हा झाडूचा लोड होता.

आम्ही प्रत्येक ब्लो गनच्या आधी रेग्युलेटर बसवून दोन बारवर कुलूपबंद केला आणि मशिनमागे एक ब्रश टांगला. पोरांनी आठवडाभर शिव्या दिल्या. मग सवय झाली.

गळतीची चाचणी साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी घेतली. सगळी मशिन्स बंद, सगळे व्हॉल्व्ह नेहमीसारखे उघडे, एकच कॉम्प्रेसर चालू. हवा कुणीच वापरत नाही, तरी दाब उतरतो, मशिन लोड घेतं, भरतं, सोडतं, पुन्हा उतरतं. तेवढं घड्याळ लावून मोजायचं. लोडचा वेळ भागिले लोड आणि अनलोड मिळून एकूण वेळ, ही ऊर्जा ऑडिटवाल्यांची साधी रीत. मामा आवाज ऐकून “घेतला” आणि “सोडला” म्हणत होते, मी मोबाइलवर वेळ धरत होतो. सरासरी ११० सेकंद लोड, १९० सेकंद अनलोड. जवळजवळ ३७ टक्के. ४५० चे ३७ टक्के म्हणजे १६५ सीएफएम. बंद कारखाना, एक माणूस कामावर नाही आणि १६५ सीएफएम हवा जातेय. आकडा मामांना सांगितला तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे म्हातारी दीड वेळा.”

त्या दिवशी पहिल्यांदा मी माझा कारखाना ऐकला. एरवी ग्राइंडर आणि शॉटब्लास्टच्या आवाजात काही कळत नाही. शांत शेडमध्ये मात्र सगळीकडून फुसफुस येत होती, जणू पन्नास कुकरांची शिटी जरा हलकीशी उचलली गेलीय. साबणाचं पाणी आणि पिवळा रंग घेऊन आम्ही फिरलो. एफआरएलच्या (हवा गाळून दाब ठरवणाऱ्या युनिटच्या) फुटक्या वाट्या, ढिल्या क्विक कपलिंग, उंदरांनी कुरतडलेले प्लास्टिकचे पीयू पाइप. तीन मिलिमीटरचं एक भोक सात बारला वीस-बावीस सीएफएम खातं, आणि तशी चार भोकं सापडली. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अगदीच वेगळं निघालं. मागच्या भिंतीला एका जुन्या मोल्डिंग मशिनची लाइन होती. मशिन भंगारात जाऊन सहा वर्षं झाली होती. लाइन तशीच, टोकाला अर्धवट बंद झालेला बॉल व्हॉल्व्ह, आणि वर कुणीतरी कापडाची चिंधी घट्ट गुंडाळलेली. आवाज येऊ नये म्हणून. ज्यानं गुंडाळली त्याला हवा जातेय हे कळत होतं, पण व्हॉल्व्ह बदलणं त्याचं काम नव्हतं.

दीड महिन्यात गळती ७० वर आणली. अजून खाली आणता येते, पण फाउंड्रीत ती तिथे टिकवायला एक माणूस तेवढ्यावरच ठेवावा लागेल.

मालकांना मी आधी उत्साहात १०० सीएफएमचे १८ किलोवॅट धरून बचत सांगणार होतो. बरं झालं, घाई केली नाही. आमची मशिन्स लोड-अनलोडवर चालणारी. लोड सोडला तरी मोटर फिरतच राहते. आमच्या ७५ च्या मशिनला लोडवर एकूण ८५ किलोवॅट लागतात आणि अनलोडला २५. म्हणजे गळती थांबली की त्या वेळेपुरते फक्त मधले ६० वाचतात. या हिशोबानं कमी झालेल्या ९५ सीएफएमला १२-१३ किलोवॅट, वर्षाच्या ६,००० तासांना ७५ हजार युनिट. सगळे आकार धरून युनिट आठ रुपयांना पडत होतं, म्हणजे सहा लाख. मालकांनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, “हे पूर येईपर्यंत का नाही कळलं?” याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

दाबाचंही तसंच. आम्ही ७.२ बार ठेवायचो, कारण लांबच्या कोपऱ्यातल्या एका कोअर शूटरला हवा कमी पडायची. त्याची दीड इंची लाइन काढून अडीच इंची टाकली आणि सगळ्या कारखान्याचा दाब ६.५ वर आणला. एका कोअर शूटरसाठी अख्खा कारखाना फुगवून ठेवला होता. दाब उतरवल्यावर उरलेली गळतीही थोडी घटली.

हे सगळं झाल्यावर पुन्हा मोजलं. सरासरी ५५०, टोक ६४०. आता बॅकअपचा प्रश्न नीट मांडता आला: सगळ्यात मोठं मशिन बंद पडलं तर उरलेल्यांनी ६४० दिले पाहिजेत. दोन ७५ पैकी एक गेला तर उरतात ४५०. कमी पडतात १९०. या १९० साठी तिसरा ७५ कशाला? ३७ किलोवॅटचा मशिन २२५ सीएफएम देतो. ४५० आणि २२५ मिळून ६७५. झालं. शिवाय एरवीही एक ७५ पूर्ण लोडवर, वरची चढउतार ३७ नं सांभाळायची, आणि दुसरा ७५ खरोखरचा रिकामा, तयार बसलेला. पुरात हाच हिशोब केला असता तर १६५ ची गळती धरून मला ३७ पुरलाच नसता. मोजायच्या आधी घेतला असता तर आम्ही ७५ चाच घेतला असता आणि त्यातून गळतीला हवा पुरवली असती.

विक्रेत्यांचे प्रतिनिधी आले. एकानं व्हीएफडीचा, म्हणजे गरजेप्रमाणे वेग बदलणारा, ७५ फारच गोड शब्दांत पुढे केला. व्हीएफडीला माझा विरोध नाही, योग्य ठिकाणी तो सोनं आहे. पण तो मशिन १६० च्या खाली हवा कमी करू शकत नव्हता. म्हणजे एकटा चालला तर ४५० पर्यंत, जोडीला दुसरा ७५ घेतला तर ६१० च्या पुढे. मधल्या ४५० ते ६१० च्या खड्ड्यात दोघांची नुसती चढाओढ, एक घेतो तर दुसरा सोडतो. आणि आमची सरासरी ५५०, बरोबर खड्ड्यात. मी त्याला कागदावर रेघ मारून दाखवली. त्यानं चहा संपवला. मी साधा, ठरावीक वेगाचा ३७ घेतला. अडीअडचणीला जे मशिन लागणार ते रात्री दोन वाजता आयटीआयच्या पोराला समजलं पाहिजे, हाही त्यातला एक विचार होता.

मग तो ठेवायचा कुठे, यावर बराच वाद झाला. कॉम्प्रेसर रूममध्ये जागा होती, फाउंडेशन होतं, केबल होती. स्वस्तात काम. मी हटून बसलो आणि तो कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला, मशिन शॉपच्या मागच्या शेडमध्ये ठेवला. वेगळी खोली, वेगळा फीडर, स्वतःचा छोटा ड्रायर. आणि हेडरची दोन टोकं जोडून गोल केली, म्हणजे दोन्हीकडून हवा शिरते आणि मध्ये कुठेही व्हॉल्व्ह लावून तुकडा वेगळा काढता येतो. फेटलिंगच्या फाट्यावरचा व्हॉल्व्ह तर लाल रंगवून ठेवला. अगदीच वेळ आली तर तो बंद केला की १२० सीएफएम सुटतात. फेटलिंग एक पाळी थांबली तर कुणाचं काही बिघडत नाही. फेटलिंगच्या मुकादमाला हे अजून मान्य नाही.

कारखान्याचा आराखडा समोर ठेवून मी एक खेळ सुरू केला होता: आपल्याकडे ‘एकच’ काय काय आहे? एकच ड्रायर निघाला. बॅकअप म्हणजे कॉम्प्रेसर असंच डोक्यात बसल्यामुळे याकडे कुणी बघितलं नव्हतं. पावसाळ्यात आमचे मशिन हवेबरोबर तासाला १८-२० लिटर पाणी ओढतात. एका पाळीत पिंपाचा मोठा भाग भरेल इतकं. बरंचसं कूलर आणि टाकीतच पडतं, पण ड्रायर बसला तर पाळीमागे दहा-पंधरा लिटर पाणी लाइनीत उतरतं. त्याचा बायपास व्हॉल्व्ह फिरवून बघितला तर चाक हातात आलं. मोठ्या ड्रायरशेजारी ५०० सीएफएमचा दुसरा बसवला. या खर्चावर मालक सगळ्यात जास्त कुरकुरले, कारण ड्रायर ‘काही करताना दिसत नाही’.

टाकीचा हिशोब मात्र मला स्वतःला आवडलेला. एक नंबर अचानक बसला तर दोन नंबरला सुरू होऊन, स्टार-डेल्टातून (मोटर टप्प्यानं सुरू करायच्या जोडणीतून) जाऊन लोड घ्यायला वीस-पंचवीस सेकंद लागतात. तेवढा वेळ कारखाना कुणी सांभाळायचा? टाकीनं. त्या वेळी फक्त ३७ चालू असतो, म्हणजे २२५ येतात आणि ५५० जातात. ३२५ सीएफएमची तूट, सेकंदाला साधारण १५३ लिटर. दाब ६.५ वरून ५.८ पर्यंत उतरला तर चालतो. ३,००० लिटरच्या टाकीतून तेवढ्या उतारात जेमतेम दोन हजार लिटर मोकळी हवा मिळते. तेरा सेकंद. दोन नंबर जागा व्हायच्या आत सगळी व्हीएमसी लाल. ड्रायरच्या पुढे ५,००० लिटरची आणखी एक टाकी लावली की छत्तीस सेकंद. टाकीला ना मोटर, ना बेअरिंग. फक्त ड्रेन आणि सेफ्टी व्हॉल्व्ह बघायचा, आणि नियमाप्रमाणे सक्षम व्यक्तीकडून तपासणी करून कागद लावायचा. अशा कामासाठी टाकीइतकं स्वस्त काही नाही, तरी कोटेशनमध्ये सगळ्यात आधी काट तिच्यावरच पडते.

वीज गेल्यावर काय, याला फार वेळ दिला नाही. भट्ट्या डीजीवर, म्हणजे डिझेल जनरेटरवर, चालत नाहीत, मोल्डिंग थांबतं, त्यामुळे वीज गेली की हवेची गरजही बरीचशी जाते. डीजीवर फक्त ३७ घेतला. ७५ च्या मशिननं सुरू होतानाच आमच्या डीजीचा जीव काढला असता.

आणि खाणवाला. त्याला आम्ही विसरलो नाही. रूमच्या बाहेरच्या भिंतीला, ट्रॅक्टर उभा राहील अशा जागी, तीन इंची फ्लॅंज आणि व्हॉल्व्ह काढून ठेवला, टाकीच्या आणि ड्रायरच्या आधी, म्हणजे बाहेरून कुठलाही कॉम्प्रेसर आणला तरी हवा सुकून पुढे जाईल. त्याच्या होजला बसणारं कपलिंग साखळीनं तिथेच बांधलंय. दसऱ्याला त्याच्याकडे मिठाई जाते. तो मामांना भेटला की विचारतो, “काय पाव्हणं, यंदा पाऊस कसा?”

सगळं बसलं आणि आम्ही चाचणी ठरवली. पूर्ण उत्पादन चालू असताना एक नंबरचं लाल बटण दाबायचं. उत्पादन विभागाला न सांगता दाबावं असं माझं मत होतं, मालकांनी ते मोडीत काढलं. सगळे गेजसमोर उभे. मामांनी बटण दाबलं. सहा पाच... सहा दोन... सहा... पाच आठ... दोन नंबर शांत. पाच पाच. मी धावत पॅनलकडे गेलो. दोन नंबरचा स्विच ‘लोकल’वर. सर्व्हिसवाला आदल्या दिवशी तेल बदलून गेला होता, ऑटोवर करायचं राहिलं. लाखो रुपयांची यंत्रणा आणि अंगठ्याएवढा एक स्विच. मामांनीच तो फिरवला, पण तोवर निम्मी व्हीएमसी लाल झालेली होती. प्रॉडक्शनच्या साहेबांनी माझ्याकडे बघितलं ते अजून आठवतं. आता तो स्विच ऑटोवर नसला की मशिन शॉपच्या दारावर पिवळा दिवा लागतो. खर्च नऊशे रुपये.

पंधरा दिवसांनी पुन्हा दाबलं. पाच नऊवर काटा थांबला आणि वर चढला. मामांनी भिंतीवर खडूनं ५.९ लिहिलं आणि त्याखाली तारीख.

तेव्हापासून दर गुरुवारी एक आणि दोन नंबरची अदलाबदल होते. कालपर्यंत राबलेला बसतो, बसलेला राबतो. महिन्यातून एकदा लाल बटण. म्हातारी भंगारात गेली. वजनकाट्यावर ती चढवताना मामा तिथे थांबले नाहीत. तिचा प्रेशर गेज मात्र त्यांनी काढून घेतलाय, तो कॉम्प्रेसर रूममध्ये खिळ्याला टांगलेला असतो, शून्यावर.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी चढलं. शिरोलीजवळ महामार्ग पुन्हा बंद. पहाटे पावणेतीनला फोन वाजला, मामांचा. माझ्या पोटात गोळा आला.

“एक नंबरचा पंखा जळला. बसला तो. दोन नंबरनं घेतलंय. मशिन शॉपला पत्ता न्हाई.”

“दाब?”

“पाच नऊ. लिवून ठेवलाय.”

“मग मामा, एवढ्या रात्री फोन कशाला केला?”

“म्हटलं, पाऊस लागलाय. तुम्ही जागंच असशीला.”